सफ आणि दस्तरखान

हजरत दाऊद अलैहिस्सलाम यांना जबूर दिल्याचे कुरआन-ए-पाक सांगते. बायबलातील स्तोत्रे म्हणजे तीच जबूर का, हा वाद उलेमांकडे सोपवून आम्ही त्यांतले २२ वे स्तोत्र वाचायला घेतो. त्याच्या माथ्यावर दाऊदांचेच नाव आहे.

सुरुवातीला एका टाकून दिलेल्या माणसाचा आक्रोश आहे. लोक त्याला हसतात, त्याचे कपडे वाटून घेतात. शेवटी मात्र चित्र पालटते आणि साऱ्या पृथ्वीवरचे लोक परमेश्वरापुढे वाकतात. त्यांत श्रीमंत आहेत, आणि मातीला मिळायला निघालेलेही आहेत. श्रीमंतांसाठी मूळ हिब्रूत आलेला शब्द 'चरबी चढलेले' अशा अर्थाचा आहे. पण आम्हाला थबकायला लावतो तो क्रम. श्रीमंतांचा उल्लेख येण्याआधीच दीनदुबळे पोटभर जेवलेले असतात. मग श्रीमंत येतात, तेही जेवतात आणि नमन करतात. इबादतीच्या या चित्रात जेवण कशाला आले?

आम्हाला वाटते, ते मुद्दाम आले आहे. सजदा श्रीमंताला तसा स्वस्तात पडतो. क्षणभर कपाळ टेकले, उठला, गाडीत बसला. गरिबाशेजारी बसून एका ताटातला घास घ्यायचा, तर मात्र काही सोडावे लागते.

ग्रीसमधल्या करिंथ शहरात पहिल्या शतकात नेमके हेच घडले. ख्रिस्ती मंडळी प्रभुभोजनाला जमत. काही जण आपले आणलेले आधीच खाऊन पिऊन झिंगत आणि गरीब उपाशी राहत. पौलाने पत्र लिहून त्यांना खडसावले, की हे प्रभूचे भोजनच नव्हे. म्हणजे जेवण बिघडले तेव्हा त्याने इबादतच बिघडली असे मानले.

आम्ही उर्दू शिकवणारी माणसे महमूद-अयाजचा दाखला वर्गात मोठ्या अभिमानाने देतो. बादशाह आणि गुलाम एका सफीत! खरेच आहे ते. पण सलाम फिरवल्यावर काय? वलीम्याच्या दावतीत बड्यांचा दस्तरखान वेगळा आणि आतला असतो, आणि मोहल्ल्यातला हमाल शेवटच्या फेरीत जेवतो. कुरैशच्या सरदारांशी बोलणे चालू असताना एक अंध सहाबी आले, रसूलुल्लाह (स.) यांच्या कपाळावर आठी पडली, तर सूरह अबसा उतरली. इब्ने उम्मे मक्तूम यांना ती आठी दिसतही नव्हती. तरी वही आली. तिथे आमच्या वेगळ्या दस्तरखानाचा हिशेब काय होईल?

बायबलातच याकोबाचे पत्र आहे. त्यात सभेत दोघे येतात, एक सोन्याची अंगठी घातलेला आणि एक मळक्या कपड्यातला. पहिल्याला चांगली जागा मिळते. दुसऱ्याला सांगतात, तू तिथे उभा राहा, नाहीतर इथे पायांपाशी बस. याकोब मंडळीला चांगलेच फटकारतो. तुम्हाला न्यायालयात खेचतात ते श्रीमंतच ना, असेही विचारतो. तो मळक्या कपड्यातला माणूस उभा राहिला, पायांशी बसला की निघून गेला, हे पत्रात कुठेच आलेले नाही.