दिवसाचा ताप व रात्रीचा गारठा

मननासाठी: उत्पत्ति ३१:४०, लूक १३:१–५



याकोबाने लाबानाची मेंढरे वीस वर्षे राखली. शेवटी त्याने आपल्या त्या मामापुढे व सासऱ्यापुढे जे गाऱ्हाणे मांडले, त्यात मजुरीबरोबर हवेचाही उल्लेख आहे. दिवसा उन्हाने जीव कासावीस होई आणि रात्री थंडीने डोळ्यास डोळा लागत नसे. आपल्या यवतमाळ जिल्ह्यात ज्याने भर उन्हात पऱ्हाट्या उपटल्या आहेत व डिसेंबरात रात्री गव्हाला पाणी दिले आहे, त्याला हे समजावून सांगावयास नको.

ह्या उन्हाविषयी मजकडून एक चूक झाली, ती प्रथम कबूल करतो. काही वर्षांपूर्वी नवतपात एका गावी प्रार्थनासभेत मी म्हणालो की, असले ऊन म्हणजे आपल्या पापांबद्दल देवाची छडी होय. सभा संपल्यावर एक विधवा बहीण जवळ आली. तिचा मुलगा आदल्याच आठवड्यात शेतात ऊन लागून वारला होता. ती म्हणाली, "पास्टरसाहेब, माह्या लेकानं असं काय पाप केलं होतं जी?"

मजपाशी उत्तर नव्हते. घरी येऊन मी लूकाचा तेरावा अध्याय उघडला. शिलोहाचा बुरूज कोसळून जे अठरा जण मेले, ते इतरांहून अधिक पापी होते असे समजणाऱ्यांना प्रभूने स्पष्ट नकार दिला आहे. प्रभूने जे नाकारले, तेच मी शिकवून आलो होतो.

मग हे ऊन इतके कडक का? मुंबई व यवतमाळ ह्यांच्या अक्षांशांत फारसा भेद नाही. दोन्हीकडे सूर्य जवळजवळ सारखाच डोक्यावर येतो. तरी मे महिन्यात मुंबईची दुपार बहुधा ३३–३४ अंशांची असते, व आपली ४२ अंशांच्या आसपास. हा भेद सूर्याचा नव्हे, समुद्राचा आहे. पाणी तापावयास तितक्याच वजनाच्या कोरड्या मातीहून चार-पाचपट उष्णता लागते. शिवाय ऊन पाण्यात खोल उतरते, लाटा ती उष्णता खाली-वर मिसळतात, व वाफ होताना बरीच उष्णता खर्ची पडते. म्हणून समुद्र सावकाश तापतो, सावकाश निवतो, आणि त्याचा वारा किनाऱ्यास सांभाळतो. जमिनीचा मात्र वरचा पातळ थरच तापतो. तो लवकर भाजतो व लवकर थंड होतो.

अरबी समुद्र व बंगालचा उपसागर हे दोन्ही आपल्यापासून पाचशे किलोमीटरांहून दूर आहेत. उन्हाळ्यात आपला साग पानांविना उभा असतो, काळी जमीन भेगाळते, गारवा देण्यापुरती ओल उरत नाही. हिवाळ्यात आभाळ निरभ्र व हवा कोरडी, म्हणून दिवसाची ऊब रात्री निसटून जाते. शेजारच्या नागपुरात २३ मे २०१३ रोजी पारा ४७.९ अंशांवर चढला, आणि २९ डिसेंबर २०१८ रोजी ३.५ अंशांपर्यंत उतरला. याकोबाने जेथे मेंढरे राखली ते हारानही समुद्रापासून दूर, आतल्या मुलुखातच होते.

ह्याच तापलेल्या भूमीवरील हवा हलकी होऊन वर चढते, आणि समुद्राचा ओला वारा आत येण्यास तिचे साहाय्य होते. जूनच्या पावसाची, आपल्या कापसाची व ज्वारीची तयारी अशी ह्या उन्हातच होत असते. कोळसा व तेल जाळून मनुष्याने हा ताप वाढवला आहे, हेही खरे. परंतु ज्यांनी सर्वांत थोडे जाळले, तेच तो अधिक सोसतात. त्यांस पापी ठरविणे हा दुहेरी अन्याय नव्हे काय?

बंधूंनो, ऊन हा कोप मानला तर आपण भिऊन स्वस्थ बसू. सृष्टीचा नियम मानला तर हात कामास लागतील. उपदेशक बंधूंनी उन्हाळ्यात रविवारची उपासना सकाळी लवकर उरकावी. मंदिराच्या दाराशी रांजण भरलेला असावा, व पाणी पिणाऱ्याची जात वा धर्म कोणी विचारू नये. ज्यांची शेती आहे त्यांनी बारा ते चार मजुरास सावलीत बसू द्यावे, व त्याची मजुरी कापू नये. कोणाचे अंग तापून तो बरळू लागला, तर त्यास सावलीत न्यावे, अंगावर पाणी शिंपडून वारा घालावा, व विलंब न करता दवाखान्यात पोहोचवावे. शुद्ध नसल्यास तोंडात पाणी घालू नये. डिसेंबर येण्यापूर्वी मंडळीतील कोणत्या म्हाताऱ्यापाशी घोंगडी नाही, हे पाहून ठेवावे.

त्या बहिणीकडे पुन्हा जाऊन मी क्षमा मागितली. ती काही बोलली नाही. तिने माठातले पाणी गडव्यात भरून मजपुढे ठेवले. थंड पाण्याच्या एका प्याल्याचेही प्रतिफळ बुडणार नाही असे प्रभूने सांगितले आहे. तो प्याला मी पाजावयाचा, तो तिनेच मला पाजला.

येत्या उन्हाळ्यात आपल्या दारावरून कोणी तहानलेला जाऊ नये, अशी कृपा प्रभु आपणां सर्वांस देवो. आमेन.