डोळ्यांची खतावणी

परवा आमची एक कथा दिवाळी अंकाच्या संपादकांकडून साभार परत आली. परत येण्याचं आम्हांला काही वाटत नाही. न वटलेले चेक हाताळून हात निर्ढावलेत. पण चेकबरोबर असतो तसा या वेळी कथेबरोबर कारणाचा कागद होता : 'आपल्या कथेतली माणसं एकमेकांकडे पाहण्यापलीकडे काही करत नाहीत.'

सौ. म्हणाली, "अहो, मग डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवायची होतीत."

आम्ही पडलो बी.कॉम. आरोप झाला की आधी बेरीज मारायची. रात्री कथा घेऊन बसलो आणि वहीत खाती पाडली. पाहिले : ९. नजर चुकवली : ७. डोळे पाणावले : ६. नजरानजर : ५. शून्यात पाहिले : ४. एकूण ३१, आणि कथा १२ पानांची! एका पानावर तर नायकाची नजर खिडकीतून बाहेर पडली, गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत आली आणि नायिकेच्या पदरावर स्थिरावली. तेवढ्या वेळात नायक खुर्चीतून उठलासुद्धा नव्हता.

आता दोष काय आमच्या एकट्याचा? मराठीत डोळे वटारतात, फिरतात, दिपतात, पांढरे होतात आणि काहीच जमलं नाही तर निदान लागतात. शिवाय आम्हांला भरतमुनींचा आधार. नाट्यशास्त्रात त्यांनी दृष्टीचे ३६ प्रकार सांगितले आहेत : रसांचे ८, स्थायी भावांचे ८ आणि संचारी भावांचे २०. आम्ही ३१ वरच थांबलो. पाच शिल्लक ठेवल्या!

पण भरतमुनी सांगत होते ते नटाला. कथकली शिकणारी मुलं पहाटे उठून डोळ्यांचे व्यायाम करतात, तेसुद्धा डोळ्यांना तूप लावून. आपण डोळ्यांत तेल घालतो ते फक्त वाक्प्रचारात. त्या मेहनतीनंतर नटाचं बुबुळ हललं की समोरच्याला ते दिसतं. कागदावर मात्र वाचकाला डोळे दिसत नाहीत, 'डोळे' हा शब्द दिसतो. आणि याच ३६ चं मराठी माणसाने काय केलंय पाहा. छत्तीसचा आकडा! ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसलेत. नजरानजर नाही, कटाक्ष नाही. तरी भांडण कसं लख्ख कळतं.

इथवर सगळं ठीक होतं. पण खाती तपासताना 'डोळे पाणावले' या सदरातल्या एका नोंदीपाशी आमचं पेन अडलं. कथेत एक म्हातारा बँकेत येतो. बायको नुकतीच गेलेली. काउंटरवरच्या कारकुनाकडे तो पाणावल्या डोळ्यांनी पाहतो.

हा म्हातारा खरा आहे. दर महिन्याला आमच्याकडे पेन्शन काढायला येतो. पूर्वी आजोबांच्या हातात दोन पासबुकं असायची, एकाच प्लॅस्टिकच्या पिशवीत, वर रबरबँड. एकदा त्यांनी आपलं एकट्याचंच पुढे केलं. मी एंट्री मारून दिली. मग थोडं थांबून त्यांनी दुसरंही सरकवलं. म्हणाले, "हिच्यातलं व्याजही चढवून द्या." कव्हरचा दुमडलेला कोपरा ते अंगठ्याने सरळ करत होते. मी छापून दिलं आणि म्हणालो, "पुढे कोण?"

दोन आठवड्यांनी त्या खात्याच्या क्लेमचे कागद माझ्याच टेबलावर आले. तारीख पाहिली. त्या दिवशी आजी जाऊन नऊ दिवस झाले होते.

मग ते पाणावलेले डोळे मी कधी पाहिले? पाहिलेच नव्हते. मी सही पाहिली होती, स्लिप पाहिली होती, पडद्यावरची शिल्लक पाहिली होती. मान वर केलीच नव्हती. अंगठा दिसला, तो काउंटरवर होता म्हणून. बँकेत व्हाउचर नसताना नोंद केली तर नोकरी जाते. कथेत केली तर मानधन मिळतं, एवढाच काय तो फरक. जिथे बघायचं होतं तिथे मी काणाडोळा केला आणि ती तूट कथेत ३१ नजरा घालून भरून काढली. संपादकांना वाटलं, याच्या कथेत डोळे फार झालेत. खरं म्हणजे लेखकाचे दोन कमी पडले होते.

कथेतलं ते वाक्य मी खोडलं. तिथे अंगठा आणि कव्हरचा कोपरा लिहिला. बाकीच्या तीस नोंदींपैकी सव्वीस गेल्या. चार ठेवल्या; माणसं अधूनमधून एकमेकांकडे बघतातही.

पुढच्या एक तारखेला आजोबा आले. पिशवीत एकच पासबुक. मी स्लिप घेतली आणि मान वर करून त्यांच्याकडे नीट पाहिलं. आजोबा गडबडले. इतक्या वर्षांत असं कधी झालंच नव्हतं ना!

"का हो साहेब," ते म्हणाले, "सही जुळत नाही का?"

"जुळते, आजोबा," म्हटलं. "बसा जरा."

मागे रांग कुरकुरत होती. कुरकुरू दे.