लग्न ते सासर: मधली वर्षे

मराठीतल्या कुमारांसाठीच्या ऐतिहासिक पुस्तकांत मुलीला शिरकाव हवा असेल, तर तिला घोड्यावर बसता यावं लागतं. बिठूरची मनू रपेट मारते, तलवार शिकते आणि चार-दोन प्रकरणांत झाशीची राणी होते. तिचं बालपण ही राणीपणाची पूर्वतयारी. त्यात ती कधी भांबावली, रुसली, कुणावर जळली का, हे विचारायला लेखकाला सवड नसते. मुलग्यांचं तसं नाही. मुलगा साधा मावळा असू शकतो, हेर असू शकतो, गडावर चारा वाहणारा पोरगा राहूनही गोष्टीचा नायक होऊ शकतो. ज्या मुली कधी घोड्यावर बसल्या नाहीत, म्हणजे जवळजवळ सगळ्याच, त्या माजघरात राहिल्या. आणि माजघरात इतिहास घडत नाही, असा आपला जुना समज आहे.

इंग्रजीत मात्र मोठ्या होत जाणाऱ्या मुलीची ऐतिहासिक कादंबरी हा बाळसेदार प्रकार आहे. कॅरन कुशमन यांची ‘कॅथरीन, कॉल्ड बर्डी’ (१९९४) हा त्याचा गाजलेला नमुना. १२९० सालचं इंग्लंड, एका लहानशा जहागीरदाराची मुलगी, तिची रोजनिशी. बाप तिचं लग्न एका उग्र, केसाळ म्हाताऱ्याशी लावायला निघालेला, आणि ही येणाऱ्या प्रत्येक स्थळाला काही ना काही खोडी काढून पळवून लावणारी. अंगावरच्या पिसवा आणि त्या दिवशीचा संत कोण, या दोन्हींची नोंद ती सारख्याच गांभीर्याने करते. पुस्तक वाचताना हसू येतं, पण एक शंका उरते. ही मुलगी तेराव्या शतकातली आहे, की विसाव्या शतकातली चुणचुणीत शाळकरी मुलगी झगा घालून तिथे गेली आहे? कुशमन यांच्या बाजूने एवढं म्हणायला हवं, की शेवटी त्या नायिकेला पळून जाऊ देत नाहीत. ती लग्नाला तयार होते, आणि तेवढ्यात म्हातारा मरतो म्हणून त्याच्या तरुण मुलाशी तिचं लग्न ठरतं. सुटका झाली ती नशिबाने, बंडाने नव्हे. तेराव्या शतकात इतकंच मिळण्याजोगं होतं, हे लेखिकेला ठाऊक आहे.

आपल्याकडे कुणी अशी कादंबरी लिहायला बसलं तर अडचण आणखी वेगळी. या प्रकाराचा सगळा डोलारा तेरा ते अठरा या वयावर उभा असतो: बालपण सरलेलं, बाईपण आलेलं नाही, अशा अधल्यामधल्या वर्षांवर. एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात, निदान खाऊनपिऊन सुखी घरांत, ही वर्षं मुलीला मिळतच नव्हती. आठव्या-नवव्या वर्षी लग्न, न्हाण आलं की सासरी पाठवणी. काल सागरगोटे खेळणारी पोर आज नऊवारी सावरत चुलीपुढे. यमुना जोशींचं, म्हणजे पुढच्या डॉ. आनंदीबाईंचं, लग्न नवव्या वर्षी झालं. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं आणि काही दिवसांतच गेलं. यात किशोरवय बसवायचं कुठे?

माझ्या मते ते एकाच जागी बसतं. लग्न लागलं आहे पण पाठवणी व्हायची आहे, या फटीत. मुलगी कायद्याने आणि रूढीने परक्याची झालेली, पण अजून आईच्या घरी. हळदीकुंकवाला तिला सवाशीण म्हणून पाट मिळतो आणि भोंडल्यात फेर धरायलाही ती असते. कुणाच्या घरी ही फट सहा महिन्यांची, कुणाच्या घरी तीन-चार वर्षांची. आणि एका मुलीच्या बाबतीत ती इतकी रुंदावली, की अख्खं हिंदुस्थान तिच्यावर भांडत बसलं.

रखमाबाईंचा जन्म मुंबईत १८६४ सालचा. जात सुतार, म्हणून विधवेच्या पुनर्विवाहाला मज्जाव नव्हता. आई जयंतीबाई पंधराव्या वर्षी आई झाल्या आणि सतराव्या वर्षी विधवा. म्हणजे आई स्वतःच एका कुमार कादंबरीची नायिका शोभावी अशी. पुढे त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी लग्न केलं. अकराव्या वर्षी रखमाबाईंचं लग्न एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजी यांच्याशी झालं, ते जावयाने घरातच राहून शिकावं या बोलीवर. जावई शिकला नाही. सावत्र वडील डॉक्टर. इतक्या लहान मुलीला नांदायला पाठवायला त्यांनी नकार दिला. अशी वर्षं सरत गेली आणि त्या वर्षांत मुलगी वाचत राहिली.

१८८४ मध्ये दादाजींनी बायकोचा ताबा मागितला तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. पुढचं सर्वांना ठाऊक आहे: न्यायमूर्ती पिन्ही यांनी १८८५ मध्ये तिच्या बाजूने दिलेला निकाल, अपिलात फिरलेलं पारडं, मार्च १८८७ मधला हुकूम की नवऱ्याकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात, आणि तुरुंगात जाईन हे तिचं उत्तर. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड. मग लंडन, डॉक्टरकी, सुरत, राजकोट.

मुलांसाठी हे सांगायचं झालं की आपण कोर्टापासून सुरुवात करतो. माझं म्हणणं उलट आहे. कादंबरी अकराव्या वर्षापासून एकोणिसाव्या वर्षापर्यंतची हवी आणि कोर्टाचा कागद दारात येतो तिथे संपायला हवी. त्या आठ वर्षांत मुलगी नकार देण्याइतकी मोठी झाली ती कशी? एका दिवसात खास नाही. नवऱ्याच्या मामाच्या घरातल्या वातावरणाची भीती, पुस्तकांची ओढ, नातेवाइकांचे टोमणे, आणि ‘लग्न झालेल्या मुलीने सासरी जावं’ हे तिला स्वतःलाही पटत असणं. हे शेवटचं सर्वांत महत्त्वाचं. आपल्या काळाचं म्हणणं जिला मुळीच पटत नाही, ती मुलगी त्या काळातली नव्हेच. ती आपल्यातून तिकडे पाठवलेली पाहुणी. बारा वर्षांच्या वाचकाला हा फरक नेमका सांगता येणार नाही, पण खोटेपणाचा वास त्याला येतो.

अशा कादंबरीत पाठ्यपुस्तकातली मोठी माणसं अडचणीच्या जागी उभी राहतात, आणि प्रकाशक बिचकतात ते बहुधा इथेच. रखमाबाईंच्या खटल्यात ‘केसरी’ त्यांच्या विरुद्ध होता. पहिली पत्नी वारल्यावर न्यायमूर्ती रानडे विधवेशी लग्न करतील अशी सुधारकांची अपेक्षा होती. वडिलांच्या शब्दाखातर १८७३ मध्ये त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केलं, आणि त्याच रानड्यांनी घरातल्या बायकांचा रोष पत्करून तिला शिकवलं. गोपाळराव जोशी तर बायकोला शिकवताना मारत, हे खुद्द आनंदीबाईंच्या पत्रात आहे. मुलांसाठीच्या चरित्रांतून ती काठी हळूच काढून टाकली जाते आणि उरतो फक्त पदवीदान समारंभ. तेरा वर्षांच्या मुलीला ही गुंतागुंत झेपणार नाही असं ज्यांना वाटतं, त्यांनी तेरा वर्षांच्या मुली अलीकडे पाहिलेल्या नसाव्यात. ज्याने दार उघडलं त्यानेच मारलंही, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळतं.

एक तक्रार मात्र सुधारणाकाळावर लिहिणाऱ्या सगळ्यांबद्दल आहे: आपण फार रडतो. लक्ष्मीबाई टिळकांचंही लग्न अकराव्या वर्षी झालं. माहेरी वडिलांचं सोवळं वेडाच्या टोकाला गेलेलं, सासरी नवरा केव्हा घर सोडून निघून जाईल याचा नेम नाही. तरी ‘स्मृतिचित्रे’ वाचताना माणूस खो-खो हसतो. मोठेपणी मागे वळून पाहताना आलेलं ते हसू आहे, हे खरं. पण ती खोडकर नजर बालपणी मुळीच नव्हती असं मानायला मी तयार नाही.

आणि हे सगळं ज्यांना घर होतं त्यांच्याबद्दल झालं. पुण्यात फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदया’त छापून आला. तिच्या लेखी माजघर हा तुरुंग नव्हता. छपराखालची जागा हेच अप्रूप होतं. बाळंतपणात डोक्यावर छप्पर नसलेल्या आपल्यातल्या बायकांबद्दल तिने लिहिलं, पेशवाईतल्या छळाबद्दल लिहिलं. तिची वाढ लग्न आणि सासर यांच्या फटीत मोजता येत नाही. ती पाटी आणि रस्ता यांच्यामध्ये कुठेतरी झाली. त्या निबंधाखेरीज तिच्याबद्दल हाती फारसं लागत नाही, म्हणजे कादंबरीकाराला जवळजवळ सगळं रचावं लागणार.

रचावंच. पण कुशमन यांच्यासारख्या लेखिका पुस्तकाच्या शेवटी एक टिपण जोडतात, त्या काळात लोक कसे राहत आणि कसा विचार करत ते सांगणारं. त्यातच खरं काय आणि मनाचं काय, हेही सांगता येतं. आपल्या कुमार साहित्यात ही पद्धत रुजलेली नाही, आणि ती स्वस्त आहे: दोन पानं जास्तीची, दाम तेवढेच. मुक्तेच्या कादंबरीमागे असं टिपण आलं, तर निबंध तिचा, आईचं नाव माझं, शाळेच्या वाटेवरची ती सकाळ माझी, असं लेखिकेला छापून कबूल करावं लागेल. मग वाचणारी मुलगी मूळ निबंध शोधायला जाईल. तो छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो.