गुण मिळाले, समजले का?

म्हैसूर विद्यापीठ १९१६ साली स्थापन झाले. त्याचे ब्रीदवाक्य गीतेच्या चौथ्या अध्यायातून घेतलेले आहे. ज्ञानाच्या तोडीचे दुसरे काही नाही, हा त्याचा आशय. शिक्षणशास्त्रात मात्र याच शब्दाला वेगळी जागा मिळाली आहे. बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये शैक्षणिक उद्दिष्टांच्या सहा पायऱ्या मांडल्या. त्यांत ज्ञान ही सर्वांत खालची पायरी. तिच्यावर आकलन, मग उपयोजन. गीतेत शिखरावर असलेला शब्द इथे पायथ्याशी कसा?

कारण दोन्हीकडचे ज्ञान एक नाही. ब्लूम यांच्या पायरीवरचे ज्ञान म्हणजे लक्षात ठेवलेली माहिती. गीतेतले ज्ञान साधकाला कालांतराने स्वतःच्याच ठायी गवसते.

माझ्या आठवीतल्या भाचीला गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्रिकोणाच्या क्षेत्रफळाचे सूत्र तिने घडाघडा म्हटले. मी विचारले, "पाया गुणिले उंची, पण त्याचे अर्धे का?" ती म्हणाली, "मामा, हे परीक्षेत विचारत नाहीत." मग आम्ही एक आयताकृती कागद कर्णावर कापला. दोन्ही तुकडे एकमेकांवर तंतोतंत बसले. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "पण सगळेच त्रिकोण असे काटकोनी कुठे असतात?" तिच्या उत्तरपत्रिकेत न दिसलेली समज या प्रश्नात दिसली.

त्याच चौथ्या अध्यायात ज्ञान मिळवण्याचा मार्ग सांगितला आहे : नम्रता, परिप्रश्न आणि सेवा. तिथे प्रश्न शिष्य विचारतो. परीक्षेत प्रश्न परीक्षकाचा, वेळही ठरलेली. म्हणून परीक्षा निरुपयोगी ठरत नाही. पाढे पाठ हवेतच. पायरी खालची असली, तरी ती गाळून वर जाता येत नाही. चूक होते ती पहिल्या पायरीलाच शिखर मानण्यात, आणि गुणपत्रिकेवरून मुलाची किंमत ठरवण्यात.

हीच चूक आपण साधकही करतो. अध्याय मुखोद्गत असतो, प्रवचनात श्लोक आठवतो. पण घरी कुणी उलट बोलले की राग आवरत नाही. ती आपली उपयोजनाची परीक्षा असते. मी तिच्यात अनेकदा नापास झालो आहे.

आज संध्याकाळी मुलांना "किती गुण मिळाले?" असे विचारण्याआधी "आज काय समजले नाही?" असे विचारून पाहूया. आणि तोच प्रश्न, शांत बसून, स्वतःलाही.