अपुऱ्या कथेचे ऋण

एखादी कादंबरी फसली असे म्हणणारा वाचक आणि दीर्घ कथामालेचा अखेरीकडचा एखादा खंड वाचून 'आम्हाला फसवले' असे म्हणणारा वाचक, हे दोघे एकाच जातीचे विधान करीत नाहीत. पहिले विधान वाङ्मयीन मूल्यमापनाचे आहे. दुसऱ्यात तक्रार आहे, आणि तक्रार म्हटली की हक्क गृहीत धरावा लागतो. असा हक्क वाचकाला खरोखर असतो काय, आणि असल्यास तो कोणत्या स्वरूपाचा, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. समीक्षेने अशा तक्रारींना बहुधा रंजनपर साहित्याच्या चाहत्यांचा उतावळेपणा समजून बाजूला ठेवले आहे. परंतु त्यांच्यामागचा प्रश्न महाकाव्याइतका जुना आहे.

रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाच्या 'द व्हील ऑफ टाइम' या अद्भुतरम्य कथामालेचा पहिला खंड १९९० साली प्रसिद्ध झाला. दहावा खंड, 'क्रॉसरोड्स ऑफ ट्वायलाइट', २००३ साली आला आणि त्याने निष्ठावंत वाचकांतही मोठी नाराजी निर्माण केली. नवव्या खंडाच्या शेवटी एक प्रचंड घटना घडते. दहाव्याचा बराच भाग त्याच कालावधीत इतरत्र असलेली पात्रे काय करीत होती हे सांगण्यात खर्ची पडतो. सहाशेहून अधिक पृष्ठांनंतरही कथा फारशी पुढे सरकत नाही. वाचकांचा आक्षेप 'हा खंड वाईट आहे' एवढाच नव्हता. तेरा वर्षे सोबत केल्यानंतर आम्हाला ताटकळत ठेवले, असे त्यांचे म्हणणे होते. जॉर्डन २००७ साली निवर्तले. त्यांच्या पत्नी आणि संपादक हॅरिएट मॅक्डूगल यांनी ब्रँडन सँडरसन या तरुण लेखकाची निवड केली. त्याने जॉर्डन यांच्या टिपणांच्या आणि लिहून ठेवलेल्या भागांच्या आधारे २००९ ते २०१३ या काळात आणखी तीन खंड लिहून माला पूर्ण केली.

अशा तक्रारीला दोन ठरावीक उत्तरे दिली जातात. पहिले उत्तर ग्राहकाचे. प्रत्येक खंड विकत घेताना वाचकाने पुढील खंडांसाठी जणू हप्ता भरलेला असतो. म्हणून लेखक त्याचे देणे लागतो. दुसरे उत्तर लेखकाच्या स्वातंत्र्याचे. जॉर्ज मार्टिन यांच्या कथामालेतील नव्या खंडाला विलंब होऊ लागला, तेव्हा २००९ साली नील गेमन यांनी एका वाचकाला जाहीरपणे सुनावले होते, की लेखक काही तुमचा ताबेदार नव्हे. पुस्तक घेतले त्या दिवशी व्यवहार पुरा झाला, यापलीकडे लेखकावर काही बंधन नाही, असा त्या भूमिकेचा आशय.

ही दोन्ही उत्तरे परस्परविरोधी दिसली तरी त्यांची मांडणी एकच आहे. दोन्ही लेखक-वाचक संबंधाकडे कर्जाच्या भाषेत पाहतात. एक म्हणते कर्ज आहे, दुसरे म्हणते नाही. कर्जात देणारा, घेणारा आणि रक्कम या तिन्ही गोष्टी निश्चित असाव्या लागतात. वाचकाला जे हवे असते ते मात्र असे निश्चित नसते. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर वाचक आपले 'अपेक्षांचे क्षितिज' घेऊन येतो खरा, पण ते क्षितिज ओलांडले जावे हीही त्याची अपेक्षा असते. त्याने मागितले तेवढेच लेखकाने मोजून दिले, तर तोच वाचक निराश होईल. तेव्हा कर्जाचे रूपक वाचकाच्या बाजूने टिकत नाही. परंतु ते टिकत नाही एवढ्यावरून लेखक सर्वथा मुक्त आहे, असेही सिद्ध होत नाही. कर्जाखेरीज बांधिलकीचे अन्य प्रकार असतात.

आपल्या परंपरेत याचे एक बोलके उदाहरण आहे. मराठीने 'नॉव्हेल'साठी जो शब्द स्वीकारला, तो ज्या ग्रंथाच्या नावावरून आला तो ग्रंथच मूळ कर्त्याच्या हातून अपुरा राहिलेला आहे. सातव्या शतकातील बाणभट्टाची 'कादंबरी', पत्रलेखा नायिकेची अवस्था कथन करीत असतानाच, खंडित होते. उत्तरभाग बाणाच्या मुलाने, भूषणभट्टाने, रचला. त्याच्या प्रारंभी तो आपली भूमिका सांगतो. तिचा भावार्थ असा, की वडील स्वर्गवासी झाले आणि त्यांच्या वाणीबरोबर कथाही तुटली. ती अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून मी हे काम हाती घेतले, कवित्वाच्या अभिमानाने नव्हे. येथे 'सज्जन' म्हणजे वाचक, सहृदय. त्यांनी कोणतीही मागणी केल्याचा उल्लेख नाही. उल्लेख आहे तो त्यांच्या दुःखाचा, आणि ते दुःख भूषणभट्टाला लेखनासाठी पुरेसे कारण वाटते.

दुसरे उदाहरण मराठीतले. एकनाथांचे 'भावार्थ रामायण' युद्धकांडाच्या ४४ व्या अध्यायापर्यंत आले आणि १५९९ साली नाथांनी देह ठेवला. उरलेले युद्धकांड आणि उत्तरकांड त्यांचा शिष्य गावबा याने रचले, असे परंपरा सांगते. गावबा हा पुरणपोळीचा लोभी, मंदबुद्धी समजला गेलेला मुलगा, अशी आख्यायिका आहे. तिच्या ऐतिहासिक सत्यतेपेक्षा तिच्यातील सूचन महत्त्वाचे. ग्रंथपूर्तीचा अधिकार प्रतिभेच्या तुलनेवरून ठरत नाही, तो सहवासातून आणि विश्वासातून येतो, असे परंपरेला सुचवायचे आहे. पोथीचे पारायण करणारा श्रोता ४४ व्या अध्यायापाशी थांबत नाही. त्याच्या दृष्टीने ग्रंथ एक आहे आणि तो नाथांचा आहे.

या उदाहरणांना कर्जाची भाषा अपुरी पडते. 'ऋण' ही संकल्पना मात्र लागू पडते. देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण ही जी तीन ऋणे वैदिक परंपरेने मानली, त्यांतील किमान दोघांचा विशेष असा, की ती ज्याच्याकडून मिळाली त्यालाच परत करायची नसतात. ऋषिऋण अध्ययनाने फिटते, पितृऋण संततीने. म्हणजे फेड पुढच्याकडे सरकत जाते. शिवाय ती मागण्याचा अधिकार समोरच्याला नसतो. ऋण ज्याच्यावर आहे त्यानेच ते ओळखायचे असते. दीर्घ कथेच्या लेखकाची बांधिलकी या जातीची आहे. एखादे जग उभे करून, त्यातील माणसांच्या नियतीविषयी गंभीर प्रश्न उपस्थित करून, तो स्वतःवर एक ऋण घेतो. ते कथेचे असते. वाचक त्या ऋणाचा सावकार नसतो, साक्षीदार असतो. म्हणूनच ते लेखकाच्या मृत्यूने संपत नाही. मुलगा, शिष्य किंवा परका उत्तराधिकारीही ते फेडू शकतो. कर्जाच्या किंवा निव्वळ स्वातंत्र्याच्या भूमिकेतून भूषणभट्ट, गावबा आणि सँडरसन यांच्या कृतीचा अर्थच लागत नाही.

मग प्रत्येक कथेचे ऋण सारखेच असते काय? याचे उत्तर खर्ड्याच्या कथनांत सापडते. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील जामखेड तालुक्यात असलेल्या खर्डा येथे ११ मार्च १७९५ रोजी मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन एका बाजूने उभे राहिले, असा तो अखेरचा मोठा प्रसंग. शाहिरांनी त्यावर पोवाडे रचले. पोवाडा विजयापाशी थांबतो, आणि त्यात काही अपुरे वाटत नाही. कारण त्याने घेतलेला विषयच मुळी पराक्रमाचा आहे. परंतु गो. स. सरदेसाई यांच्या बहुखंडी 'मराठी रियासती'ला तेथे थांबता येत नाही. एका सत्तेचा उदय कसा झाला हे सांगण्यास जो बसला, त्याला तिच्या अस्ताचेही कथन करावे लागते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील सवाई माधवरावाचा मृत्यू, १८०२ चा वसईचा तह, १८१८ ची अखेर हे सर्व वाचकाला नकोसे असले तरी त्या ग्रंथाच्या ऋणात येते. कृतीचे ऋण वाचकाच्या इच्छेवरून ठरत नाही. ते कृतीने आरंभी किती मोठा प्रश्न हाती घेतला यावर अवलंबून असते.

याच निकषाने अखेरीकडच्या संथ खंडाकडे पाहता येईल. महाभारतात युद्ध संपल्यावर, सौप्तिक आणि स्त्री या पर्वांनंतर, शांतिपर्व येते. अठरा पर्वांतील हे सर्वांत विस्तृत पर्व. कथानकाच्या दृष्टीने ते थांबलेले आहे. कथा ऐकू इच्छिणाऱ्याला ते अडथळा वाटते. तथापि एवढा संहार करून मिळवलेले राज्य करावे तरी कसे, हा प्रश्न युद्धानेच निर्माण केलेला आहे. युधिष्ठिराची खिन्नता आणि शरशय्येवरील भीष्माचा दीर्घ उपदेश टाळून महाभारत पुढे गेले असते, तर ते आपल्या ऋणातून सुटले नसते. वोल्फगांग ईझर यांनी क्रमशः प्रसिद्ध होणाऱ्या कादंबरीतील खंडितता वाचकाच्या कल्पनेला कार्यप्रवण करते असे दाखवले आहे. त्या खंडांमधल्या रिकाम्या वर्षांत वाचक आपली एक कथा रचत असतो, आणि पुष्कळदा त्याचा राग लेखकाने ती रचलेली कथा लिहिली नाही याचा असतो.

अर्थात ऋणाची ही कल्पना प्रत्येक पाल्हाळाचे समर्थन करण्यासाठी वापरता येणार नाही. दहाव्या खंडाविषयीची तक्रार या निकषावर बरीचशी उतरते. एकच काळ अनेक पात्रांच्या नजरेतून पुन्हा पाहण्याने मूळ घटनेचा अर्थ बदलत असेल, तर विलंब सार्थ आहे. पण तेथे पात्रे बहुधा ती घटना दुरून जाणवून घेतात आणि आपापल्या कामाला लागतात. कथेने स्वतःच उभा केलेला प्रश्न कथा तेथे विसरते. शांतिपर्व विसरत नाही. हा भेद पृष्ठसंख्येवरून दिसणार नाही. त्यासाठी तो खंड संपूर्ण कृतीच्या संदर्भात वाचावा लागतो.

दुसऱ्याच्या हातून होणाऱ्या पूर्तीत प्रकाशन-व्यवसायाचा लाभ असतो, हाही आक्षेप खरा आहे. लाभ असला म्हणून ऋण नाहीसे होत नाही. मात्र भूषणभट्टाने स्वतःला लावलेली कसोटी प्रत्येक उत्तराधिकाऱ्याला लावावी लागेल. तो कथेसाठी लिहितो की स्वतःच्या नावासाठी?

राहता राहिला वाचक. ऋण पुढे सरकत जाते असे मानले, तर वाचकही त्यातून सुटत नाही. इतकी वर्षे त्या जगात वावरून त्याने जे घेतले, त्याची फेड पुढच्या खंडाची मागणी करून होत नाही. हाती असलेला नकोसा खंडही, तो मूळ प्रश्नाशी प्रामाणिक आहे काय हे पाहत, शेवटपर्यंत वाचणे हे त्याच्या वाट्याचे काम. ते केल्यानंतर तो 'फसवले' म्हणाला, तर त्याचे म्हणणे समीक्षेने गांभीर्याने ऐकले पाहिजे.