विहिरीवरची शांतता

"आमच्या गावात कधी भांडण नव्हतं," असं जुनी माणसं अजून अभिमानानं सांगतात. खोटं नाही ते. पण का नव्हतं, हे कुणी विचारत नाही.

गावविहिरीवर रहाट होता. दलित वस्तीतल्या बाया घागरी घेऊन काठापासून लांब उभ्या राहायच्या. "वैनी, वाढा की घागरभर," एवढंच म्हणायच्या. कुणाला दया आली तर वरूनच पोहरा घागरीत रिता व्हायचा. नाही आली, तर ऊन डोक्यावर येईस्तोवर थांबायचं. तंटा नाही, आरडाओरडा नाही. गावाची सगळी शांतता त्या बायांच्या थांबण्यावर उभी होती.

म्हणून संघर्षानं गाव फुटतं, हे मला पटत नाही. गाव आधीच फुटलेलं असतं. भांडणानं फक्त भेग दिसायला लागते. महाडचंच बघा. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली मंजूर झाला. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनं चवदार तळं खुलं केलं, पण ते कागदावर. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या माणसांसह तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, तेव्हा कुठं त्या कागदाची खरी किंमत कळली. माणसांना मारहाण झाली. मग शेण-गोमूत्र ओतून तळं 'शुद्ध' करून घेतलं. कोर्टाचा शेवटचा निकाल बाबासाहेबांच्या बाजूनं लागला, तो १९३७ साली. ठरावापासून १४ वर्षं गेली.

आता कुणी म्हणेल, ते जुनं झालं; घरोघर नळ आले, कोण कुणाला अडवतंय? खरं आहे. पण नळानं भांडण मिटलं, प्रश्न तसाच राहिला. एका काठावर उभं राहून पाणी शेंदायची पाळीच आली नाही, त्यामुळं कुणाला मन बदलावं लागलं नाही. बाबा आढावांनी 'एक गाव, एक पाणवठा' म्हटलं, त्यात 'एक' हा शब्द मोलाचा होता. वेगळी विहीर खणून दिली तर तहान भागते. बरोबरी त्यानं येत नाही.

आजही कित्येक गावांत स्मशानं वेगवेगळी आहेत. त्यावरून रोज कुणी भांडत नाही. पण तेवढ्यावरून सगळं बरं चाललंय, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही.