पंधराचा वर्ग

केंदूर-पाबळच्या कोरड्या पट्ट्यात 'आश्वासन' म्हटलं की आधी पाणी आठवतं, देव मागाहून. संत कान्हूराज पाठकांच्या केंदूरचा वारकरी पंढरीची वाट धरतो, तेव्हा पावसाची हमी घेऊन निघत नाही. दक्षिणेला भीमा ओलांडून दौंड तालुक्यात उतरलं, की केडगाव लागतं. तिथे मात्र देवाच्या एका वचनाचा चक्क आकड्यात हिशेब झाला होता.

1896 साली लोणावळ्यात ख्रिस्ती मंडळींचा मेळावा भरला. ख्रिस्ताला मानणाऱ्या आपल्या पंधरा मुलींबद्दल पंडिता रमाबाई तिथे देवाचे आभार मानत होत्या. प्रार्थनेतच त्यांच्या मनात आलं, की पुढच्या मेळाव्याआधी या संख्येचा वर्ग व्हावा असं मागावं. पंधरा गुणिले पंधरा, दोनशे पंचवीस!

त्या दचकल्या. पुण्यातल्या त्यांच्या शारदा सदनात तेव्हा जेमतेम पन्नासएक जणी. अमेरिकेहून येणारी मदत 1889 पासून दहा वर्षांच्या बोलीवर, म्हणजे ती मुदतही संपत आलेली. शिवाय शंका घेणं हा बाईंचा स्वभावच होता. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेऊनही त्रैक्याच्या सिद्धान्तावरून त्यांनी तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रांतून कडाक्याचा वाद घातला होता.

मग त्यांना बायबलातल्या यिर्मयाच्या बत्तिसाव्या अध्यायातलं वचन सापडलं. मला काही अवघड आहे का, असा देवाचा सवाल. त्याची पार्श्वभूमी मोठी गमतीची आहे. यरुशलेमला शत्रूचा वेढा, यिर्मया कैदेत, आणि अशात त्याला शेत विकत घ्यायला सांगितलं जातं. तो सतरा शेकेल रुपं मोजून देतो, खरेदीखत मडक्यात ठेववतो आणि मग देवालाच विचारतो, की शहर तर पडायला आलंय, हे कसं? आधी पैसे, मग शंका.

हाच सवाल त्याच्या कितीतरी आधी अब्राहामाची बायको सारा हिच्या तंबूपाशी झाला होता. म्हातारपणी मूल होणार हे ऐकून ती आतल्या आत हसली, विचारल्यावर 'मी नाही हसले' म्हणाली. अब्राहामही हसला होताच. शिक्षा कुणालाच नाही. उलट मुलाचं नावच इसहाक, म्हणजे 'तो हसतो'. म्हातारपणी मूल होणार हेच ऐकून शंका घेणाऱ्या जखऱ्याची मात्र वाचा गेली. येशूची आई मरीया हिनंही गब्रीएल देवदूताला प्रश्नच केला, पण तिला उत्तर मिळालं. जखऱ्या खात्री मागत होता, मरीया रीत विचारत होती, असं सांगतात. जखऱ्यावर जरा अन्यायच झाला, असं वाटल्यावाचून राहत नाही.

रमाबाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेतली होती. मदत थांबली तर फळबागेवर सदन चालावं, हा त्यामागचा रोकडा विचार. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून त्यांनी तीनशेच्या आसपास मुली-बायका आणल्या. पुण्यात प्लेग होता, नव्या माणसांना शहरात ठेवायला मनाई. म्हणून या सगळ्या केडगावच्या उघड्या माळावर आल्या. मुक्ती सदन उभं राहिलं ते असं.

वचन पुरं झालं, असं रमाबाईंनी मानलं. संशयी माणूस म्हणेल, आकडा भरला तो भुकेनं. ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. त्या मुलींच्या घरची माणसं अन्नावाचून मेली होती, आणि कुणाच्या वर्गाचं गणित सुटावं म्हणून दुष्काळ पडला, असं म्हणायला जीभ रेटत नाही. पण तीनशे ताटं रोज मांडायची होती, ती बाईंनी मांडली.

पुढे त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, साध्या मराठीत बायबल उतरवायला बसल्या. मुक्तीच्याच छापखान्यात बायका खिळे जुळवीत. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, बायबल 1924 साली निघालं. सारेच्या तंबूपाशी केलेला सवाल आणि यिर्मयाला केलेला सवाल, दोन्हींत मूळ हिब्रू क्रियापद एकच आहे. दोन्ही जागा त्यांच्या हाताखालून गेल्या.